यंत्रांचे बहुरूपी

महाराष्ट्राच्या खेड्यांतून पूर्वी बहुरूपी फिरत असत. आज फौजदार, उद्या वैद्य, परवा गोसावी अशी सोंगे घेऊन ते दारोदार जात आणि गावाची करमणूक करीत. बहुरूप्याची खरी कसोटी त्याच्या पोशाखात नसे. पोशाख कोणालाही मिळवता येतो. एखाद्याने अवचित प्रश्न केला असता खऱ्या फौजदाराने ज्या तत्परतेने आणि ज्या ठसक्यात उत्तर दिले असते, त्याच तत्परतेने आणि त्याच ठसक्यात उत्तर आले, तरच गाव क्षणभर फसे. उत्तर बरोबर असले पण उशिरा आले, की सोंग उघडे पडे.

विसाव्या शतकाने यंत्रांतही बहुरूप्यांची एक जात निर्माण केली. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याच जातीच्या यंत्रावर जशीच्या तशी चालावी, म्हणून ते दुसरे यंत्र पहिल्याचे सोंग घेते. असे सोंग घडवून आणणाऱ्या व्यवस्थेस ‘एम्युलेटर’ म्हणतात. दूरदर्शन संचाला जोडून खेळावयाच्या जुन्या गेम कन्सोलांचे खेळ आजच्या संगणकावर खेळता येतात, ते या एम्युलेटरांच्या बळावर. ही कला वरवर पाहता पोरखेळाची वाटते. परंतु संगणकाच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न तिच्यात दडलेला आहे. संगणकाला कामकरी हात अधिक दिले आणि साठवणीची जागा वाढवून दिली, तर त्याचे काम त्या प्रमाणात लवकर होते काय? या प्रश्नाचे उत्तर सर्वसामान्य माणूस ‘होय’ असे देईल. एम्युलेटरांचा इतिहास मात्र निराळे उत्तर देतो.

या इतिहासाचा उगम १९३६ साली ॲलन ट्युरिंग या तरुण इंग्रज गणितज्ञाच्या एका निबंधात सापडतो. अन्य कोणत्याही गणनयंत्राचे वर्णन वाचून त्याप्रमाणे वागू शकेल असे एक सार्वत्रिक यंत्र कल्पिता येते, हे ट्युरिंगने त्यात दाखवून दिले. एका यंत्राने दुसऱ्याचे रूप धारण करणे शक्य आहे, ही गोष्ट प्रत्यक्ष संगणक जन्मण्यापूर्वीच तर्काने सिद्ध झाली ती अशी. परंतु तर्कशास्त्राला घड्याळ ठाऊक नसते. हे रूपधारण किती वेळात व्हावे, याविषयी ट्युरिंगचा सिद्धान्त काही सांगत नाही. आणि पुढील सारी अडचण नेमकी तेथेच निर्माण झाली.

ही अडचण व्यापाराच्या क्षेत्रात प्रथम जाणवली. १९५९ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने ‘१४०१’ नावाचा संगणक बाजारात आणला आणि अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे जगभर बसविली गेली. भारतातील अनेक कार्यालयांतही ती होती. पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही संपूर्ण नवी यंत्रमालिका जाहीर केली. नव्या यंत्रांची भाषा जुन्या यंत्रांहून सर्वस्वी भिन्न होती. ज्या गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे खपून १४०१ साठी पगारपत्रकांच्या आणि हिशेबांच्या आज्ञावली लिहवून घेतल्या होत्या, त्यांनी त्या फेकून द्याव्यात, असे त्यांना सांगणार कोण? हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने तर डिसेंबर १९६३ मध्येच १४०१ च्या आज्ञावली आपल्या ‘हनीवेल २००’ या यंत्रावर आणण्याची सोय जाहीर केली होती. गिऱ्हाईक हातचे जाण्याची वेळ आली होती.

या संकटातून आयबीएमच्या अभियंत्यांनी जी वाट काढली तिलाच प्रथम ‘एम्युलेशन’ हे नाव मिळाले. केवळ आज्ञावलीच्या साह्याने जुन्या यंत्राची नक्कल केल्यास ती फार मंद चाले. म्हणून त्यांनी नव्या यंत्राच्या अंतर्भागातील सूक्ष्म आज्ञांच्या थरातच जुन्या यंत्राची भाषा समजण्याची सोय केली. मालिकेतील ‘मॉडेल ३०’ हे यंत्र या रीतीने १४०१ चे सोंग घेऊ लागले, आणि जुनी पगारपत्रके नव्या यंत्रावर निघू लागली.

सिस्टिम ३६० च्या रचनेचा मुख्य शिल्पकार जीन ॲमडाल हा होता. याच ॲमडालने १९६७ साली एका परिषदेत एक छोटेसे पण अत्यंत परिणामकारक टिपण वाचले. त्याचा आशय असा की, कोणत्याही कामाचा काही भाग अनेकांत वाटून देता येतो आणि काही भाग एकामागून एक असाच करावा लागतो. हा दुसरा भाग कामाचा एकपंचमांश असेल, तर मदतीला हजार हात आणले तरी एकूण काम पाचपटीहून अधिक वेगाने होणार नाही. पाच गवंडी मिळून भिंत लवकर बांधतील. पण पाया सुकल्याखेरीज भिंत उभी करता येत नाही, आणि पाया सुकण्याचा वेळ गवंड्यांची संख्या वाढवून कमी होत नाही. हा विचार आता ‘ॲमडालचा नियम’ म्हणून ओळखला जातो. ज्याच्या यंत्रमालिकेने एम्युलेशनला नाव दिले त्यानेच त्या कलेची सीमाही आखून ठेवावी, हा इतिहासातील एक लक्षणीय योगायोग होय.

एम्युलेटरचे काम ॲमडालच्या दुसऱ्या वर्गात का मोडते, हे समजण्यास एक साधे उदाहरण पुरेसे आहे. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे कन्सोल विक्रीस आणले. १९९० नंतरच्या दशकात भारतातील असंख्य घरांत दूरदर्शन संचाला जोडून खेळावयाचे जे स्वस्त ‘व्हिडिओ गेम’ आले आणि ज्यांच्या ‘कॅसेटी’ मुले फुंकर मारून बसवीत असत, ती बहुतेक याच यंत्राची प्रतिरूपे होती. या यंत्रातील प्रोसेसर, म्हणजे आज्ञा पाळणारा कर्ता भाग, सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांनी चाले. त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शेजारचे चित्रयंत्र तीन ठोके टाकी आणि पडद्यावर तीन बिंदू रंगवी. प्रोसेसरची कामापुरती मेमरी, म्हणजे स्मृतिसाठा, अवघा २ किलोबाइट होता. या निबंधातील एखादे पानही त्यात धड मावले नसते.

ही दोन यंत्रे म्हणजे एका मैफिलीतील गायक आणि तबलजी होत. दोघे आपापले काम करतात, पण मात्रा एक आहे. तबलजी कोणत्या मात्रेवर आहे हे गायकाला ठाऊक असते आणि तो त्याच हिशेबाने तान टाकतो. फॅमिकॉमचे खेळ लिहिणाऱ्यांनीही हाच हिशेब केला होता. चित्रयंत्र पडद्याच्या अमुक रेघेपर्यंत पोहोचले की चित्राची जागा बदलावयाची, म्हणजे वरची पाटी स्थिर राहते आणि खालचा देखावा सरकतो, अशा युक्त्या त्यांनी योजिल्या. यंत्रांचे परस्परांशी असलेले वेळेचे नाते हाच त्या खेळांचा प्राण होता.

आता या मैफिलीची नक्कल करावयाची आहे. आजच्या प्रोसेसरात स्वतंत्रपणे काम करणारे अनेक कर्ते असतात; त्यांना ‘कोअर’ म्हणतात. एका कोअरला गायक करावे, दुसऱ्याला तबलजी, म्हणजे काम निम्म्या वेळात होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु असे करणे म्हणजे गायकाला पुण्यात आणि तबलजीला मुंबईत बसवून मधे निरोप्या ठेवण्यासारखे आहे. प्रत्येक मात्रेला निरोप्याने धावावयाचे, आणि तो परत येईपर्यंत दोघांनीही थांबावयाचे. मैफिलीपेक्षा निरोपांतच वेळ जाईल.

हे केवळ कल्पनेचे चित्र नव्हे. २१ नोव्हेंबर १९९० रोजी जपानमध्ये निघालेल्या ‘सुपर फॅमिकॉम’ या पुढच्या कन्सोलचे मुख्य घड्याळ सेकंदाला सुमारे २ कोटी १५ लाख ठोके देई. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग कल्पिले, तर त्यातील सुमारे ४७ भाग एका ठोक्याच्या वाट्यास येतात. आजच्या प्रोसेसरात एका कोअरने दुसऱ्याला निरोप धाडून त्याची पोच मिळवीपर्यंत साधारणपणे तितकाच किंवा त्याहूनही अधिक काळ निघून जातो. म्हणून अशा यंत्राची मात्रेमात्रेने नक्कल करावयाची, तर एकाच कोअरने आळीपाळीने गायकही व्हावे आणि तबलजीही व्हावे, हाच मार्ग जलद ठरतो. हाताशी दुसरे सात कोअर रिकामे असले तरी ते या कामी येत नाहीत.

प्रारंभीच्या एम्युलेटरकारांपुढे हा प्रश्न या रूपात आलाच नाही, कारण १९९७ च्या सुमाराच्या घरगुती संगणकाला एकच कोअर असे आणि त्याचा वेगही बेताचाच असे. त्या वर्षी निघालेल्या ‘नेसटिकल’ने फॅमिकॉमचे आणि ‘झेडएसनेस’ने सुपर फॅमिकॉमचे खेळ सामान्य संगणकावर खेळते करून दाखविले. हा वेग त्यांनी मिळविला तो मात्रेमात्रेचा हिशेब सोडून. गायकाने अर्धे आवर्तन एकट्याने गाऊन घ्यावे, मग तबलजीने तेवढेच वाजवून घ्यावे आणि दोघांनी समेवर भेटावे, अशी ती तडजोड होती. बहुतेक खेळांना ती चालली. जेथे चालली नाही, तेथे त्या त्या खेळापुरती डागडुजी करण्यात आली.

या तडजोडीची किंमत कोणती, हे पुढे ‘बायू’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका एम्युलेटरकाराने दाखवून दिले. त्यांनी २००४ मध्ये ‘बीएसनेस’ हा सुपर फॅमिकॉमचा एम्युलेटर लिहावयास घेतला. वेगासाठी सत्याचा बळी द्यावयाचा नाही, ही त्यांची प्रतिज्ञा होती. ‘एअर स्ट्राइक पेट्रोल’ या विमानयुद्धाच्या खेळात विमानाखाली एक सावली पडते आणि बॉम्ब कोठे पडेल हे त्या सावलीवरून समजते. ही सावली पडद्याची एकच रेघ रंगत असताना मध्येच बदल करून काढलेली आहे. पूर्ण रेघ एकदम रंगविणाऱ्या एम्युलेटरांत ती नाहीशी होई. ‘स्पीडी गोन्झालेस’च्या खेळात एक कळ दाबली की यंत्र मेमरीच नसलेल्या पत्त्यावरून वाचन करी आणि तारांत रेंगाळलेला शेवटचा अंक उचली, ती बारकाई ज्यांनी सोडली त्यांच्या एम्युलेटरांत खेळ तेथेच गोठून राही. एखाद्या बालकाला वाटावे की खेळच मुळात तसा आहे. चुकीची नक्कल अशी हळूहळू मूळ वस्तूची जागा घेते, हा बायूंच्या आग्रहामागील खरा धोका होता.

या अचूकतेला बळ किती लागले? २०११ मध्ये बायूंनी आपल्या कार्याचे विवेचन करणारा जो लेख लिहिला, त्यात सुमारे ३ गिगाहर्ट्‌झ वेगाचा, म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोक्यांचा, प्रोसेसर यासाठी हवा असे प्रतिपादन होते. मूळ कन्सोलचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्‌झचा होता. म्हणजे बहुरूप्याला मूळ पुरुषाच्या आठशेपटीहून अधिक बळ लागले. शिवाय हे बळ एकाच कोअरचे असावे लागले. बीएसनेसमध्ये निरनिराळी यंत्रे स्वतंत्र कामकरी म्हणून लिहिली होती, पण ती वेगवेगळ्या कोअरांवर न पाठविता एकाच कोअरवर आळीपाळीने, सामंजस्याने चालविली जात.

येथपर्यंत वाचून असे वाटेल की प्रोसेसर दरवर्षी अधिक वेगवान होत जातील आणि प्रश्न आपोआप सुटेल. अनेक वर्षे तसेच घडतही होते. पण २००४ साली हा प्रवाह अडला. इंटेल कंपनीचा पेन्टियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला आणि तेथे उष्णतेने वाट रोखली. त्याचा नियोजित वारसदार कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. पुढच्याच वर्षापासून एका प्रोसेसरात दोन कोअर, मग चार, मग आठ, असा नवा मार्ग सुरू झाला. एकाच कर्त्याला चपळ करण्याऐवजी कर्त्यांची संख्या वाढविण्याचे हे युग होते. एम्युलेटरांना मात्र चपळ कर्ताच हवा होता.

तथापि कन्सोलांचे स्वरूपही दरम्यान पालटत होते. ज्या सोनी कंपनीने सुपर फॅमिकॉमचे ध्वनियंत्र पुरविले होते, तिने ३ डिसेंबर १९९४ रोजी स्वतःचे ‘प्लेस्टेशन’ आणि ४ मार्च २००० रोजी ‘प्लेस्टेशन २’ विक्रीस काढले. या दुसऱ्या यंत्रात सुमारे २९५ मेगाहर्ट्‌झचा मुख्य प्रोसेसर, त्याच्या जोडीला गणित करणारी दोन साहाय्यक यंत्रे, स्वतंत्र चित्रयंत्र आणि ३२ मेगाबाइट मेमरी होती. इतक्या वेगवान यंत्राची आज्ञेगणिक नक्कल करणे अशक्यच होते. तेव्हा एम्युलेटरकारांनी भाषांतराची रीत बदलली. सभेतील दुभाषी वक्त्याचे प्रत्येक वाक्य ऐकून ते तिथल्या तिथे सांगतो. वक्त्याने तेच वाक्य शंभरदा उच्चारले तर तो शंभरदा भाषांतर करतो. त्याऐवजी एकदा केलेले भाषांतर लिहून ठेवावे आणि पुढे तेच वाचून दाखवावे, ही नवी रीत होय. आज्ञांचे असे जागच्या जागी भाषांतर करून साठविल्यामुळे वेग कित्येक पटींनी वाढला.

‘पीसीएसएक्स २’ हा प्लेस्टेशन २ चा एम्युलेटर या रीतीने वाढला, आणि अनेक कोअरांचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही, याचे ते उत्तम उदाहरण आहे. त्याने मुख्य प्रोसेसरला एक कोअर दिला आणि चित्रयंत्राला दुसरा. हे साधले, कारण मूळ यंत्रातच चित्राच्या आज्ञा एका दिशेने वाहत. मुख्य प्रोसेसर त्या पाठवून देई आणि उत्तराची वाट क्वचितच पाही. पुढे एका साहाय्यक गणितयंत्रालाही तिसरा कोअर देण्यात आला. बहुतेक खेळांना हेही मानवले, पण ज्या थोड्या खेळांत मुख्य प्रोसेसर त्या यंत्राकडे मागे वळून पाही, तेथे खेळ बिघडला. तीन कोअरांपुढे चौथ्याला आणि पाचव्याला देण्यासारखे फारसे काम उरले नाही. ‘डॉल्फिन’ या निन्टेन्डो गेमक्यूबच्या एम्युलेटरचा अनुभवही असाच आहे. त्यात दोन कोअरांनी वेग वाढतो; पण निरोपांचा क्रम थोडाफार मागेपुढे होत असल्याने काही खेळांत एकाच कोअरची संथ वाट अधिक भरवशाची ठरते.

यातून एक नियमच हाती येतो. एम्युलेटरला समांतर काम निर्माण करता येत नाही. ते मूळ यंत्रात असेल तितकेच त्याला वारशाने मिळते. याची सर्वांत ठळक साक्ष ‘प्लेस्टेशन ३’ने दिली. ११ नोव्हेंबर २००६ रोजी जपानमध्ये निघालेल्या या कन्सोलात ३.२ गिगाहर्ट्‌झचा ‘सेल’ नावाचा प्रोसेसर होता. त्यात एक मुख्य कोअर दोन कामे एकाच वेळी सांभाळी, आणि खेळांच्या दिमतीला आणखी सहा छोटी गणितयंत्रे असत. प्रत्येक छोट्या यंत्राला स्वतःची २५६ किलोबाइट मेमरी होती आणि त्याचे बहुतेक काम तेवढ्या जागेतच चाले. या सहा यंत्रांत काम वाटून देताना त्या काळच्या खेळकर्त्यांच्या नाकी नऊ आले. पण त्यांनी केलेली ती वाटणी वाया गेली नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘आरपीसीएस ३’ या एम्युलेटरला ती आयतीच मिळाली. म्हणूनच येथे सहा किंवा आठ कोअरांचा प्रोसेसर चार कोअरांच्या प्रोसेसरला स्पष्टपणे मागे टाकतो. सोळा कोअर दिले, तर मात्र तितका लाभ होत नाही. मूळ मैफिलीत कलावंतच आठ होते.

मेमरीची कथाही याच वळणाने जाते. मेमरी जितकी अधिक तितका संगणक जलद, अशी समजूत सर्वत्र आढळते. एम्युलेटरांच्या बाबतीत साठ्याचा आकार लवकरच गौण ठरतो. फॅमिकॉमचे २ किलोबाइट काय, सुपर फॅमिकॉमचे १२८ किलोबाइट काय, किंवा प्लेस्टेशन ३ चे एकूण ५१२ मेगाबाइट काय. कित्येक गिगाबाइटांच्या आजच्या संगणकाला त्यांचे ओझे नाही. खेळाची चित्रे मूळच्यापेक्षा मोठी व रेखीव काढावयाची असल्यास आणि भाषांतरित आज्ञांचा संग्रह ठेवावयाचा असल्यास अधिक जागा लागते. ती एकदा पुरेशी झाली की तिच्यात भर घालून वेग वाढत नाही.

वेग ठरतो तो वस्तू किती जवळ आहे यावर. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा चुलीशेजारी असतो आणि धान्याची पोती कोठीच्या खोलीत असतात. प्रोसेसरच्या अंगालगतही असा एक छोटा, अतिजलद साठा असतो. त्याला ‘कॅश’ म्हणतात. कॅशमधून एखादा अंक उचलण्यास लागणारा वेळ एक सेकंद मानला, तर मुख्य मेमरीतून तो आणावयास मिनिटाहूनही अधिक वेळ लागतो. फॅमिकॉमची सगळी मेमरी मिसळणाच्या डब्यात मावते. नंतरच्या यंत्रांची मावत नाही. कोठीची खोली दुप्पट मोठी केल्याने स्वयंपाक लवकर होत नाही, हे सुगरणीला सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण पत्त्यांची असते. कन्सोलमध्ये मेमरीच्या काही पत्त्यांवर अंक असतात, तर काही पत्ते म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांच्या कळा असतात; तेथे अंक लिहिला की आवाज निघतो किंवा चित्र हलते. त्यामुळे प्रत्येक वाचनापूर्वी हा पत्ता कोणत्या जातीचा आहे, हे एम्युलेटरला तपासावे लागे. डॉल्फिनकारांनी यावर एक सुंदर तोड काढली. कन्सोलच्या संपूर्ण पत्तापटाचा नकाशा त्यांनी संगणकाच्या पत्त्यांवर जसाच्या तसा मांडला आणि तपासणी काढून टाकली. यंत्राच्या कळांचे पत्ते मात्र मोकळे ठेवले. तेथे कोणी हात लावला की संगणकाची अंतर्गत सुरक्षाव्यवस्था हरकत घेते, आणि तेवढ्यापुरता एम्युलेटर जागा होऊन योग्य ते काम करतो. याकरिता पत्त्यांचा अवाढव्य विस्तार हवा, जो ६४ बिटांच्या संगणकात असतो. येथे उपयोगी पडते ती मेमरीची वजनदार रास नव्हे, तर पत्त्यांची ऐसपैस मोकळीक.

प्लेस्टेशन ३ मध्ये याहून कठीण पेच उभा राहिला. तेथील छोटी यंत्रे सामाईक मेमरीतील १२८ बाइटांचा तुकडा एका दमात, मध्ये कोणाचाही हात न लागता, बदलू शकत. सामान्य संगणकातील प्रोसेसर एका दमात अवघे ८ किंवा १६ बाइटच अशा खात्रीने बदलतो. म्हणून एकाने लिहिताना इतरांना थोपवून धरावे लागते, आणि कोअर जितके अधिक तितके थांबणारेही अधिक होतात. पुष्कळ हात असूनही ते एकाच वहीभोवती गोळा झाले, की लिहिणारा एकच राहतो. ॲमडालने १९६७ मध्ये सांगितलेली गोष्ट जवळजवळ अर्ध्या शतकानंतर अशा नव्या वेषात परत आली.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे विचारला जाणे स्वाभाविक आहे. पुस्तकाला वाचक आणि दिवा पुरतो. संगणकाच्या आज्ञावलीला मात्र तिचे यंत्र लागते, आणि यंत्रे मरतात. जुन्या कन्सोलांतील सुटे भाग झिजतात, तबकड्या वाचणारी भिंगे निकामी होतात, आणि ते भाग पुन्हा कोणी बनवीत नाही. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या व्हिडिओ खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असा निष्कर्ष ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात दोन १४०१ यंत्रे परिश्रमपूर्वक चालती करून ठेवलेली आहेत. पण असे भाग्य किती यंत्रांना लाभणार? एम्युलेटर बनविणे हा गुन्हा नव्हे, हेही न्यायालयात लढून मिळवावे लागले. प्लेस्टेशनचा एम्युलेटर करणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीविरुद्ध सोनीने लावलेल्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १० फेब्रुवारी २००० रोजी निर्णय दिला की, यंत्राचे वर्तन समजून घेण्यासाठी त्याच्या आज्ञावलीची अभ्यासापुरती प्रत करणे न्याय्य आहे. पुढच्याच वर्षी सोनीने तो एम्युलेटर विकत घेऊन बंद केला, हा भाग वेगळा.

कायद्याने वाट मोकळी केली तरी गणिताने ती अरुंद केली आहे. सुपर फॅमिकॉमच्या अचूक नकलेस आठशेपटींचे बळ लागले आणि ते उपलब्ध होते. प्लेस्टेशन ३ चा प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्‌झचा, आणि आजचे घरगुती संगणकांतील सर्वांत वेगवान प्रोसेसर ६ गिगाहर्ट्‌झच्या आसपास घुटमळतात. म्हणजे ठोक्यांची आघाडी दुपटीचीही नाही. प्रत्येक ठोक्यात आजचा कोअर अधिक काम उरकतो, इतकाच काय तो दिलासा. अशा स्थितीत प्लेस्टेशन ३ ची मात्रेमात्रेने अचूक नक्कल करण्याची आशा नजीकच्या काळात तरी करता येत नाही. तेथे आवर्तनामागून आवर्तन समेवर गाठ पडते, यावरच समाधान मानावे लागते. यापुढच्या कन्सोलांच्या बाबतीत, वेगवान संगणक येईल आणि प्रश्न सोडवील, असे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही.

मग भिस्त कशावर ठेवावयाची? मूळ यंत्रात कोण कोणाची वाट पाहतो, कोण पाहत नाही, कोणता निरोप क्षणभर उशिरा पोहोचला तरी चालेल आणि कोणता चालणार नाही, याच्या बारकाईने केलेल्या नोंदींवर. सावली एका रेघेच्या मध्यावर बदलते हे ज्याने खरे यंत्र समोर ठेवून पाहिले, त्यालाच ती नकलेत उतरविता आली. अशा नोंदी करावयाच्या तर ती यंत्रे चालू अवस्थेत असली पाहिजेत आणि ती ज्यांनी घडविली ती माणसे सांगावयास हयात असली पाहिजेत. १४०१ च्या बाबतीत त्या यंत्रावर स्वतः काम केलेली माणसे वृद्धापकाळी संग्रहालयात येऊन बसली, म्हणून ती यंत्रे पुन्हा चालू झाली. कन्सोलांच्या पिढीजवळही तितकाच अवधी आहे, आणि तो कोअरांची संख्या वाढवून लांबविता येण्यासारखा नाही.